रक्तात शोधता, घरात कधी शोधणार?

"एवढं विज्ञान पुढे गेलं, मग वेड रक्त तपासून कळत नाही का हो?"

उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये आणि चाळींमध्ये काम करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणारे कोण असतात तेही सांगते. स्वतः मुलगी कधीच नसते. तिची आई क्वचित असते. विचारतात ते सासरे, दीर, जाऊ, नाहीतर जिथे मुलीचे स्थळ गेले आहे त्या घरातली वडीलधारी माणसे. मुलगी बरी कशी होईल, हे त्यांना विचारायचे नसते. ‘माल’ तपासून घेता येईल का, एवढेच विचारायचे असते.

तरुण वयात होणारे भास, संशय, तुटत जाणारे विचार यांची मुळे शरीरात शोधण्याचे काम जगभर जोरात चालू आहे. रक्तातले घटक, जनुके, मेंदूची छायाचित्रे यांत काही खूण सापडते का, म्हणजे आजार पूर्ण उभा राहण्याआधीच ओळखता येईल, असा हा शोध आहे. शोधाला माझा विरोध नाही. मनाचा आजार हा शरीराचाही आजार आहे, हे कळल्याने बायकांचे भलेच झाले. एके काळी या आजाराचे खापर सरळ आईवर फोडले जात होते. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक बाईंनीच स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई अशी कल्पना मांडली आणि पुढची काही दशके जगभरच्या आया मान खाली घालून डॉक्टरांसमोर बसल्या. ते ओझे उतरवण्यात मेंदूच्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. पण आपल्याकडे एक ओझे उतरले की दुसरे तयारच असते. आता म्हणतात, "तिच्या आईच्या रक्तातच आहे ते." विज्ञान बदलले, आरोपी तीच राहिली.

म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे : ही तपासणी कुणासाठी? तिचा कागद कुणाच्या हातात जाणार?

खूण म्हणजे निदान नव्हे

आधी माहिती नीट घेऊ. स्किझोफ्रेनिया किंवा त्यासारख्या आजाराचे निदान करणारी रक्ततपासणी आज जगात कुठेही नाही. स्कॅनही नाही. निदान होते ते डॉक्टरांनी बोलून, ऐकून, काही काळ पाहून. कुणी "आमच्या लॅबमध्ये कळतं" असे सांगत असेल तर तो पैसे काढतो आहे.

मग संशोधकांना काय सापडले? पुष्कळ सापडले आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. त्यातला २०१४ सालचा निष्कर्ष असा, की वयाच्या नवव्या वर्षी ज्यांच्या रक्तात दाह दाखवणारा इंटरल्यूकिन-६ हा घटक जास्त होता, त्यांच्यात अठराव्या वर्षी भास-संशयासारखे अनुभव जास्त आढळले. २०१६ साली सी-फोर या जनुकाचा संबंध दाखवला गेला. पौगंडावस्थेत मेंदू आपल्या पेशींमधले नको असलेले जोड छाटत असतो. ती छाटणी गरजेपेक्षा जास्त होत असावी, असा तर्क त्यातून निघाला. २०२२ साली ७६ हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आजाराशी संबंध असलेली २८७ ठिकाणे सापडली. २८७! प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. आणि ही सगळी ठिकाणे मिळूनही एखाद्या व्यक्तीला आजार होणार की नाही, हे सांगता येत नाही. शिवाय या अभ्यासातले बहुतेक लोक युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाचे होते. त्यावरून कुर्ल्याच्या किंवा कांदिवलीच्या मुलीचे भविष्य सांगणे म्हणजे पंचांगच उघडणे.

आनुवंशिकतेचेही तेच. सर्वसाधारणपणे शंभरात एकाला हा आजार होतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला तो असेल तर मुलांमध्ये प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जाते. म्हणजे नव्वद जणांना होत नाही. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात. तिथेसुद्धा एकाला आजार झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याहून कमी. "घराण्यात आहे" म्हणून स्थळ मोडणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत.

आता एक साधे गणित करू. समजा, उद्या खरोखरच एक तपासणी निघाली आणि ती शंभरात नव्वद वेळा बरोबर निघते. ऐकायला छान वाटते. एका महाविद्यालयातल्या १,००० मुलींची ती केली. त्यांतल्या १० जणींना आजार होणार आहे. तपासणी त्यांतल्या ९ जणींना ओळखेल. उरलेल्या ९९० निरोगी मुलींपैकी ९९ जणींवरही ती चुकून शिक्का मारेल. म्हणजे एकूण १०८ मुलींच्या कागदावर लाल रेघ, आणि त्यांतल्या ९९ निर्दोष. त्या ९९ जणींची लग्ने, नोकऱ्या, शिक्षण यांचे काय होईल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि नुसता आवाज ऐकू आला म्हणजे आजार, असेही नाही. ९ ते १२ वयाच्या सुमारे १७ टक्के मुलांना असा काही अनुभव आलेला असतो, असे अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ साली दाखवले गेले. वाढत्या वयात हे प्रमाण उतरत जाते. याच कारणांमुळे, २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी निदानाचे पुस्तक नव्याने काढले तेव्हा ‘होऊ घातलेला आजार’ हे निदान मुख्य यादीत घेतले नाही. चुकीचा शिक्का बसेल, तरुण पोरांना नको ती औषधे दिली जातील, ही भीती त्यांनाही होती.

आपण हे आधी पाहिले आहे

मैत्रिणींनो, गर्भजलपरीक्षा आठवा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ती आपल्या देशात आली ती बाळातले जनुकीय दोष शोधण्यासाठी. उदात्त हेतू होता. थोड्याच वर्षांत मुंबईच्या गल्लीबोळांत तिचे दवाखाने उघडले आणि सापडणारा एकमेव ‘दोष’ होता मुलगी असणे. त्याविरुद्ध मुंबईतल्या स्त्री-संघटना, डॉक्टर, विज्ञान चळवळीतले कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, म्हणून १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला आणि १९९४ साली केंद्राचा. तपासणी निष्पाप असेल, पण ती ज्या समाजात येते तो समाज निष्पाप नसतो, हा धडा आपण मुलींच्या जिवाची किंमत देऊन शिकलो.

त्याच १९९४ सालचे दुसरे प्रकरण. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. देखभाल करायला माणसे नेमण्याऐवजी मुलींचा अवयव काढणे व्यवस्थेला सोपे वाटले. संघटनांनी आवाज उठवला तेव्हा आम्हालाच भावनाप्रधान म्हटले गेले.

यंत्राच्या मोहाचे उदाहरणही घरचेच आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुण विद्यार्थिनीला खुनाच्या आरोपात दोषी ठरवले, तेव्हा डोक्याला तारा लावून ‘मेंदूत गुन्ह्याची आठवण आहे’ असे सांगणाऱ्या चाचणीचा आधार निकालात घेतला गेला. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात संमतीशिवाय अशा चाचण्या करणे घटनाबाह्य ठरवले. दोन वर्षे मध्ये गेली. बाईच्या शब्दापेक्षा तिच्या डोक्यावरच्या तारांवर विश्वास ठेवायला आपला समाज नेहमीच उत्सुक असतो.

आज अमेरिकेतल्या काही कंपन्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या भ्रूणांची स्किझोफ्रेनियाच्या धोक्यासाठी छाननी करून देऊ लागल्या आहेत. ते आपल्याकडे यायला किती वेळ लागेल? सोनोग्राफीला किती लागला होता?

जी तपासणी हवी ती कोण करतो?

आता या सगळ्याची दुसरी बाजू, आणि माझा खरा राग इथे आहे. भास होणाऱ्या तरुण मुलीच्या कितीतरी तपासण्या आजही करण्यासारख्या आहेत. त्या होत नाहीत.

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहणारी एकोणीस वर्षांची मुलगी. औषधांना न जुमानणारा क्षय झालेला. घरच्यांनी तो लपवला, कारण लग्नाचे वय. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी ती म्हणू लागली, की शेजारणी भिंतीपलीकडून तिच्यावर बोलतात. उतारे झाले, देवरुषी झाला. सायक्लोसेरीन या क्षयाच्या औषधाने असे भास होऊ शकतात, ही गोष्ट डॉक्टरांच्या पुस्तकांत अनेक दशके छापलेली आहे. पण क्षयाचा केसपेपर एका खिडकीवर आणि मनाचा दुसऱ्या खिडकीवर. दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणी पाहिले नाहीत. शेवटी पाहिले गेले, औषध बदलले, आवाज थांबले. ‘वेडी’ हे नाव मात्र वस्तीने ठेवून घेतले.

२००७ साली जोसेप डालमाऊ या डॉक्टरांनी एक आजार वर्णन केला. शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मेंदूतल्या एनएमडीए या ग्राहकांवर हल्ला करतात. मुलगी अचानक भ्रमिष्टासारखी वागते, बोलते, पुढे झटके येतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात ८१ टक्के स्त्रिया होत्या, आणि तरुण स्त्रियांत अनेकदा त्याचे मूळ अंडाशयातल्या गाठीत निघते. इथे प्रतिपिंडांची तपासणी आहे, उपचार आहे, वेळेत मिळाला तर बहुतेक जणी चांगल्या बऱ्या होतात. अंगात आले म्हणून, लागीर झाले म्हणून किंवा ‘नाटकं करते’ म्हणून अशा किती मुली गेल्या असतील? खरीखुरी जैविक खूण जिथे आहे तिथे आपण देवरुष्याकडे जातो, आणि जिथे नाही तिथे लॅबचा पत्ता विचारतो.

बोरिवलीची एक सव्वीस वर्षांची बाई. रिस्पेरिडोनच्या गोळीने तिचे आवाज पुष्कळ कमी झाले होते. पण पाळी बंद झाली, मूल नसताना छातीतून दूध येऊ लागले. ही गोळी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवते. एका साध्या रक्ततपासणीत ते दिसते, गोळी बदलता येते. तिला कुणी आधी सांगितले नव्हते, नंतर विचारले नाही. सासरी ती वांझ ठरली. तिने भीतीने गोळ्या सोडल्या आणि आजार दुप्पट जोराने परतला. मग सगळे म्हणाले, "बघा, ही औषधं घेतच नाही." या औषधांनी वजन वाढते, साखर वाढते. या गोष्टी मोजायला वजनकाटा आणि महापालिकेच्या रुग्णालयातली साधी तपासणी पुरते. जागतिक संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.

आणि जी खूण कुठल्याच प्रयोगशाळेत सापडत नाही तिचे काय? बालपणी अत्याचार, मारहाण, उपेक्षा भोगलेल्यांमध्ये असे आजार होण्याची शक्यता सुमारे पावणेतीन पट असते, असे अनेक अभ्यासांची एकत्र छाननी करून २०१२ साली मांडले गेले. २८७ जनुकस्थानांपैकी कुठल्याही एकापेक्षा हा आकडा मोठा आहे. अंधेरीतल्या एका सतरा वर्षांच्या मुलीला जो आवाज ऐकू यायचा तो घरातल्याच एका पुरुषाचा होता. कुणाचा आवाज, हे तिला विचारायला कित्येक महिने गेले. तोवर रक्त तीन वेळा काढून झाले होते.

माझ्यावर आरोप होईल, की तुम्ही सगळे समाजावर ढकलता, आजार नाकारता. नाही. गोळ्यांनी उभ्या राहिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. औषध न मिळणे हाही स्त्रियांवरचा अन्यायच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात गंभीर मनोविकाराच्या चार रुग्णांपैकी जवळजवळ तिघांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. मुद्दा एवढाच, की गोळी देणाऱ्याने प्रश्नही विचारला पाहिजे.

मुलाला बायको, मुलीला माहेर

हाच आजार मुलाला झाला तर घर काय म्हणते? "लग्न करून टाका, सुधारेल." मुलीकडच्यांना न सांगता गावाकडची गरीब पोर आणली जाते, आणि ती फुकटची परिचारिका होते. मुलीला झाला तर तिला माहेरी सोडतात, मूल ठेवून घेतात आणि कागद पाठवतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) तुम्ही पाहिला असेल. त्यात आजारी भावाला सांभाळते ती बहीण. ते खरे आहे म्हणूनच मनाला लागते. आता उलटा सिनेमा डोळ्यांसमोर आणा. आजारी बहीण आणि संसार सोडून तिला सांभाळणारा भाऊ. आणता येतो का?

चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेच्या डॉ. आर. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आजारामुळे लग्न मोडलेल्या स्त्रियांवर २००३ साली अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकींचा कायदेशीर घटस्फोटही झालेला नव्हता, पोटगी मिळत नव्हती आणि म्हातारे आईबाप त्यांना पोसत होते. मुलुंडमध्ये हे चित्र मला दारोदार दिसते. तिथल्या एका चोवीस वर्षांच्या बाईला बाळंतपणानंतर सहाव्या दिवसापासून झोप येईना. बाळ बदलले आहे, असे ती म्हणू लागली. हजार बाळंतिणींत एकदोघींना असा तीव्र आजार होतो, आणि वेळेवर उपचार केले तर तो बहुधा पूर्ण बरा होतो. ती बरी झाली. पण त्या दिवसांतला केसपेपर नवऱ्याने जपून ठेवला आणि घटस्फोटाच्या अर्जाला जोडला. "हिला ठाण्याला ठेवा," असे सासूने चारचौघांत सांगितले. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. आपल्या बोलीत ते उपचारांचे ठिकाण कधी झालेच नाही, बायकांना घालायची धमकी होऊन बसले.

कायदा काय म्हणतो ते पाठ करून ठेवा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मनोविकार हे घटस्फोटाचे कारण आहे. पण आजाराचे नुसते नाव पुरत नाही. तो इतका तीव्र हवा, की जोडीदाराने एकत्र राहावे अशी अपेक्षाच करता येऊ नये. राम नारायण गुप्ता खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आणि बायकोला स्किझोफ्रेनिया आहे म्हणणाऱ्या नवऱ्याला घटस्फोट नाकारला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ३ सांगते, की समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक चौकटीत न बसणे म्हणजे मानसिक आजार नव्हे, आणि पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आज कुणाला आजारी ठरवता येत नाही. कलम १०५ प्रमाणे, न्यायालयात मानसिक आजाराचा पुरावा पुढे आला आणि दुसऱ्या बाजूने तो नाकारला, तर प्रश्न मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवावा लागतो. कलम २३ माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देते. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात जाताना ही कलमे वकिलाला आपणच सांगायची असतात, हा माझा अनुभव आहे.

आपल्या मागण्या

१. लग्न, नोकरी, शाळा-महाविद्यालयातील प्रवेश आणि विमा यांसाठी मनोविकाराच्या कुठल्याही जनुकीय किंवा जैविक तपासणीची मागणी करणे बेकायदा ठरवा. तपासणी बाजारात येऊन बसल्यावर नको, आत्ताच.

२. तरुण मुलीला पहिल्यांदा भास-भ्रम झाले, की क्षयाची व इतर औषधे, थायरॉइड, झटके, प्रतिपिंडे आणि बाळंतपण यांची चौकशी झालीच पाहिजे. तीही महापालिकेच्या रुग्णालयात, मोफत.

३. त्याच भेटीत, नातेवाइकांना बाहेर बसवून, तिला एकटीला विचारा : घरात मारहाण होते का? कुणी हात लावला का? रुग्णालयात हे विचारता येते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ यांनी उभे केलेले ‘दिलासा’ केंद्र २००० सालापासून हेच दाखवत आले आहे. मानसोपचाराच्या प्रत्येक ओपीडीला असे केंद्र जोडा.

४. गोळी लिहून देताना पाळी, गर्भ, वजन यांवरचे परिणाम तिला तिच्या भाषेत सांगा आणि त्यांच्या तपासण्या वेळेवर करा.

५. तरुण मुलांवर संशोधन करायचे असेल तर संमती मुलीचीही घ्या, केवळ बापाची सही नको. आणि रक्ताचे नमुने घेणाऱ्यांनी अत्याचाराबद्दलही विचारावे. नाहीतर अर्धा आजार नळीत आणि अर्धा घरात राहील.

तुमच्या वस्तीत एखादी मुलगी एकटीच बोलताना दिसली, तर आधी तिच्याजवळ बसा. ती काय ऐकते आहे, ते तिला विचारा. मग डॉक्टरकडे तिच्यासोबत जा, केसपेपर तिच्याच हातात राहील असे बघा, आणि तिच्या नावाचा कागद मागायला कुणी आले तर दारात उभे राहून विचारा : "कशासाठी हवा?"